खिळ्यावर राहिलेला बिल्ला

नाही नाही, एक मिनिट, थांबा — ती पायरी तुम्हाला कशी कळली? आतल्या खोलीत उतरताना एक पायरी खाली आहे, ती दिसत नाही, तिथे उजेडच पोचत नाही. मी दिवसातून पन्नासदा ओरडते, सांभाळा हो, पायरी आहे — तरी दहातले आठ जण धडपडतात. मागच्या आठवड्यात एक प्राध्यापक चष्म्यासकट आपटले. आणि तुम्ही? मी तोंड उघडायच्या आत सरळ पाय खाली टाकलात — खाली न बघता! बघितलं मी. माझं लक्ष असतं... सवय आहे म्हणता? कसली सवय, जुन्या घरांची? असेल बाबा. असेल.

तर, ही कामगाराची खोली. मघाशी आपण मॅनेजरसाहेबांचा बंगला बघितला — सात खोल्या आणि राहणारी माणसं दोन. मग सुपरवायझरचं घर, चार खोल्यांचं. आणि हे तिसरं, लाइनीतलं शेवटचं. लाइन म्हणजे कामगारांच्या घरांची ओळ हो, वीस घरं होती भिंतीला भिंत लावून. खाण बंद पडल्यावर एकोणीस पाडली, हे एक ठेवलं, कारण हे टोकाचं — याला दोन खिडक्या. बाकीच्यांना एकेक. ही खाट, ही कोळशाची शेगडी, ही कपड्यांची पेटी. या भिंतीला काळं लागलंय ते धुराचं नाही, माणसांच्या पाठींचं आहे. शिफ्टवरून आलं की आंघोळीचं पाणी तापेपर्यंत भिंतीला टेकून बसायचं. ते आम्ही मुद्दाम पुसलेलं नाही. लोकांना फार आवडतं. लगेच फोटो काढतात.

तुम्ही नाही काढत फोटो. सकाळपासून एकही नाही. का हो? बाकी सगळे कसे, दार दिसलं की दार, खिडकी दिसली की खिडकी — आणि तुमची पिशवी बंदच. ते जाऊ दे, काल पण तुम्हीच होतात ना? नाही कशाला म्हणता, समोर त्या बाकावर, पाऊण तास. तिकीट काढलं नाहीत, आत आल्या नाहीत. मला वाटलं, कोणाची तरी वाट बघताय. आज तिकीट काढलंत, आणि सगळा घोळका पुढे यंत्रघर बघायला गेला तरी तुम्ही इथेच. मला सरळ सांगा, ऑफिसकडून आलाय का? तसं असेल तर लाजू नका. दोन महिन्यांपूर्वी एक आला होता, टोपीवाला, अगदी पर्यटक असल्यासारखा — हे काय, ते काय, मावशी तुम्ही किती छान सांगता — आणि मग वर जाऊन कळवलं की ही बाई माहितीपत्रकाबाहेरचं बोलते. बोलते तर बोलते! माहितीपत्रक लिहिणारा या घरात चार रात्री तरी झोपलाय का? मी बत्तीस वर्षं झोपले. हो, याच घरात वाढले मी, म्हणून तर मला ठेवलंय. आणि काही बघायचंच असेल तर बघा, सगळं जागच्या जागी आहे, पितळ घासलेलं आहे, तो कोपऱ्यातला दिवा तेवढा खोटा आहे, खरा गेल्या वर्षी कोणीतरी पिशवीत घालून नेला, मी बाजारातून तसाच दिसणारा आणून काजळी फासून ठेवला, ऑफिसला अजून —

आता हे मी तुम्हाला कशाला सांगितलं! बघा, अशी सवय वाईट. माणूस गप्प बसलं की माझं तोंड सुटतं. तुम्ही फार गप्प बसता हो. पोलिसांकडे असतात अशी माणसं. नुसती बसून राहतात आणि समोरचा आपोआप बोलायला लागतो.

... काय म्हणालात?

आमच्या आधी? आमच्या आधी इथे कोण राहत होतं म्हणजे? कोणी नाही. म्हणजे, असणारच कोणीतरी, खाणीची घरं ती, एक जातं, दुसरं येतं. मी लहान होते, नऊ वर्षांची. मला काय आठवणार? आम्ही आधी शेजारच्याच घरात होतो, एका खिडकीच्या. मग हे रिकामं झालं आणि आम्हाला मिळालं. आम्ही मागितलं वगैरे नव्हतं. बरं, मागितलं होतं. आईने मागितलं होतं. तिच्या छातीत कोळशाची धूळ गेलेली, तिला वारा हवा होता. कोणालाही हवा असतो वारा, त्यात काय गुन्हा आहे? पण हे असलं कोणी विचारत नाही. लोक विचारतात, संडास कुठे होता, सात माणसं झोपायची कशी. आधी कोण राहत होतं — हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. पेपरवाल्या आहात का तुम्ही? वही तर दिसत नाही.

त्या फळ्याला हात नका लावू, प्लीज. लिहिलंय तिथे. हा फळा माझ्या बाबांच्या हातातला. बाबा बिल्लेवाले होते — खाणीच्या तोंडाशी एक खिडकी असायची, त्या खिडकीत बसायचे. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. खाली जाताना कामगाराने खिळ्यावरचा आपला बिल्ला घ्यायचा, गळ्यात घालायचा. वर आला की परत खिळ्यावर. म्हणजे काय, की फळ्याकडे एक नजर टाकली की कळलं, खाली कोण आहे आणि वर कोण आहे. खिळा रिकामा, तर माणूस खाली. बिल्ला लटकलेला, तर माणूस वर. सोपं. हे अकरा खिळे रिकामे ठेवलेत बघा, ते पाणी फुटलं त्या दिवसाचे. जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यात पाणी साचलं होतं, भिंत फुटली, आणि पलीकडे काम करणारी अख्खी टोळी गेली. अकरा माणसं. नावं बाहेर दगडावर कोरलीत, जाताना वाचा. बाकी सगळे बिल्ले जागेवर.

तुम्ही त्रेपन्नला हात लावलात.

नाही, लावलात. एकशे चाळीस बिल्ले आहेत फळ्यावर, तुम्ही वाचत वाचत नाही गेलात, सरळ त्रेपन्नवर बोट ठेवलंत. त्रेपन्नच का? ... सहज? असं सहज कोणी करत नाही बाई. पायरी सहज, त्रेपन्न सहज, काल बाकावर पाऊण तास तेही सहज — वय काय तुमचं? अठ्ठावन्न? माझं एकसष्ट. जरा त्या खिडकीशी उभ्या राहता? नाही, अशा नाही, उजेडाकडे तोंड करून.

अगं बाई.

मुंगी.

तुला मुंगी म्हणायचे ना सगळे? साखरेच्या डब्यात सापडायचीस म्हणून. मी तुला कडेवर घेऊन फिरायचे — मी नऊची, तू सहाची, माझी कंबर मोडायची. खरं नाव मला कधी माहीतच नव्हतं, अजून नाही. शिट्टीकाकांची मुंगी! बस. बस त्या खाटेवर, ‘बसू नये’ची पाटी राहू दे तिथे, कोण विचारतं पाटीला. बरं — आलीस ना शेवटी. मला माहीत होतं कोणीतरी येणार. माझी आई गेल्यावर मात्र वाटायचं, आता नाही यायचं कोणी. पण मी रोज तिकिटाच्या रांगेकडे बघायचे, एकटी बाई दिसली की तिचं तोंड निरखायचे. आणि आज आलीस तर कशी, तोंडाला कुलूप लावून! काय काढून घ्यायचंय माझ्याकडून? सगळं माहीत असणार तुला. काकूंनी, तुझ्या आईने, सांगितलं असणार. मग माझ्या तोंडून कशाला ऐकायचं? पुरावा हवा? बाबांचं नाव दगडावरून पुसायला लावणार? त्यांचं नाव नाहीच आहे दगडावर, ते अंथरुणात गेले.

बघ, बाबा वाईट नव्हते. हे आधी लिहून — नाही, तू लिहीत नाहीयेस. ठीक आहे. पण ऐक. तुझे बाबा आणि माझे बाबा, जिवाला जीव देणारे. लाइनीत तुझे बाबा आले की शिट्टी आधी यायची, मागून माणूस. त्या दिवशी त्यांना उशीर झाला. तुला ताप होता, रात्रभर तुला खांद्यावर घेऊन हीच खोली फिरत होते, पहाटे डोळा लागला. भोंगा झाल्यावर पोचले. भोंग्यानंतर आलेल्याला आत घ्यायचं नाही, गैरहजेरी लावायची, आणि तीन गैरहजेऱ्या झाल्या की काम जातं. त्यांच्या दोन झालेल्या. ते खिडकीशी आले, हात जोडले. बाबांनी इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाले, बिल्ला राहू दे, बिल्ला काढलास तर वेळ टाकावी लागेल, सुपरवायझर बघेल. तू उतरणीच्या वाटेने चालत जा, तिथे या वेळेला कोणी नसतं, टोळीला गाठ, संध्याकाळी मी बघतो काय ते. दिवासुद्धा दुरुस्तीच्या फळीवरचा दिला, ज्याची नोंद नव्हती. उपकारच केला ना? तूच सांग. मैत्रीत केलं. आणि ते शिट्टी वाजवत गेले.

दुपारी पाणी फुटलं.

मॅनेजर धावत आले, फळ्यासमोर उभे राहिले. सगळी लाइन मागे जमलेली, बायका, म्हातारे. अकरा खिळे रिकामे. मॅनेजरने विचारलं, फळा बरोबर आहे? नक्की? — आणि माझे बाबा म्हणाले, हो साहेब. एवढंच. दोन शब्द. नंतर म्हणायचे, मला वाटलं होतं तो येईल वर, उतरणीच्या वाटेने चालत येईल, मग कशाला सांगायचं. एक तास थांबू म्हणाले, मग आणखी एक. पण त्या ‘हो साहेब’नंतर दर तासाला सांगणं अवघड होत गेलं. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, खटला झाला असता, आम्ही चार भावंडं होतो. नऊ दिवस पाणी उपसत होते. अकरा माणसं मिळाली. फळ्यावर अकरा, बाहेर अकरा, मग पुढे शोधलंच नाही कोणी. ती बाजू विटांनी बुजवून टाकली.

काकू? काकू पहिल्या दिवसापासून ओरडत होत्या, माझा माणूस पण खाली आहे, डबा घेऊन गेलाय. त्यांना हाताला धरून फळ्यासमोर आणलं. हा बघ, त्रेपन्न. बिल्ला इथे आहे, म्हणजे तुझा माणूस वर आहे. मग कुठे आहे? — ते तू सांग, म्हणाले, तुझा नवरा आहे. मी बघितलं ते. काकू त्या बिल्ल्याला नुसतं बोटाने हलवत राहिल्या, हलवत राहिल्या. तुझा हात धरलेला होता एका हातात.

मग चौकशीचे साहेब आले. एक माणूस कमी का, हे त्यांना लिहायला हवं होतं. कोणीतरी सांगितलं की त्या सकाळी तो बस थांब्याकडे जाताना दिसला, हातात पिशवी होती. पळून गेला, घरदार टाकून. झालं, कागद पूर्ण. आणि पळून गेलेल्या कामगाराच्या बायकोला खाणीचं घर कसं देणार? आठ दिवसांत खोली खाली करा. तुम्ही गेलात ती सकाळ मला आठवते. काकूंनी घर झाडून दिलं होतं. शेगडीतली राखसुद्धा काढली होती.

कोण म्हणजे? कोणीतरी सांगितलं म्हणाले ना मी. लाइनीतलं कोणीतरी. एवढ्या माणसांत कोण काय बोललं... अशी बघू नकोस माझ्याकडे.

मी सांगितलं.

नऊ वर्षांची होते गं. बाबांनी आदल्या दिवशी जवळ बसवलं, कधी नव्हे ते केसांवरून हात फिरवला, म्हणाले, उद्या साहेब विचारतील, तू फक्त म्हणायचं, शिट्टीकाका पिशवी घेऊन थांब्याकडे गेले. मी म्हटलं, पण मी नाही बघितलं. ते म्हणाले, लहान मुलांवर विश्वास ठेवतात. मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर अगदी छान म्हटलं — साहेबांनी विचारलं पिशवी कुठल्या रंगाची, ते तर बाबांनी शिकवलंच नव्हतं, मी आपल्या मनाने सांगून टाकलं, हिरवी! काकू दारात उभ्या होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. घरात हिरवी पिशवी नव्हती हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी तेवढ्यात ओळखलं की मी खोटं बोलतेय. मग गप्प का बसल्या? मला अजून कळलेलं नाही. कोण ऐकणार होतं, म्हणून असेल. मी पोर आहे, म्हणूनही असेल. तू त्यांचीच पोरगी, तू सांग.

बाबांनी या खोलीत कधी पाय ठेवला नाही, हे तुला सांगते. बाहेरच्या खोलीत जेवायचे, तिथेच झोपायचे, पाऊस आत आला तरी. कोणी शिट्टी वाजवली की उठून जायचे. शेवटी शेवटी फक्त नंबर बडबडायचे, आणि आई माझ्याकडे बघायची नाही. आणि खाण बंद होऊन ही घरं बघायला लोक येऊ लागले, तेव्हा मीच ऑफिसात जाऊन सांगितलं की मला ठेवा, मला त्या घरातलं सगळं माहीत आहे. वीस वर्षं सांगतेय सगळ्यांना, अकरा माणसं, अकरा माणसं. एकदा एका शाळेच्या मुलीने विचारलं, मावशी, नक्की अकराच का? मी तिला ओरडले. तिच्या बाईंनी माफी मागितली माझी! झालं. आता समाधान झालं तुझं? एवढ्यासाठी आलीस ना? आता जा, सांग कोणाला सांगायचं ते, आण त्यांना —

काय?

नीट बोल, ऐकू नाही आलं.

... नुसती खोली बघायला? म्हणजे काय, नुसती खोली बघायला? तू जन्मलीस ती खोली — हो, इथेच, त्या भिंतीशी — पण बाकीचं? बाबांचं? काकूंनी तुला काही... पळून गेले? तुलाही तेच सांगितलं? बावन्न वर्षं? फोटो फाडून टाकला होता म्हणतेस. आणि त्रेपन्न? त्यांच्या जेवणाच्या डब्यावर खडूने लिहिलेलं असायचं, म्हणून आठवत होतं, एवढंच. म्हणजे तुला ठाऊक नव्हतं. काहीच ठाऊक नव्हतं. तुला वाटत होतं ते कुठेतरी आहेत. रस्त्यात कोणी शिट्टी वाजवली की मागे वळून — नको, नको सांगूस.

आणि मी मूर्ख बाई, पोलीस काय, पेपरवाली काय! तू काही विचारलंसच नव्हतंस.

मुंगी, इकडे बघ. नाही, तापामुळे नाही. कोण म्हणालं तापामुळे? मी म्हणाले? चुकून म्हणाले. तुला ताप नव्हताच त्या रात्री, मला आत्ता नीट आठवलं, ते दुसऱ्याच कोणाचं मूल होतं, मी घोळ करतेय, माझं वय झालंय. त्यांना झोप लागली, बस. माणसाला लागते झोप. तुझा काही संबंध नाही, ऐकलंस? तुझा काहीही संबंध नाही.

कुठे? ... ते — समोरचं मैदान आहे ना, बसगाड्या उभ्या करतात ते. त्याच्या बरोबर खाली आहे ती विटांनी बुजवलेली बाजू. बाभळीच्या कुंपणापासून साधारण दीडशे पावलं, मी मोजलीत. ऑफिसला मी सांगेन. आजच सांगेन. विश्वास नाही बसायचा तुझा माझ्यावर, बसूही नये, म्हणून तू उद्या ये आणि माझ्यासमोर उभी राहा, मी साहेबांच्या टेबलाशी बोलेन तेव्हा. दगडावर जागा आहे, अकराव्या नावाच्या खाली.

बरं. नाही बोलत. आता एक शब्द नाही बोलत. तू बस. हवा तितका वेळ बस, खाटेवर आडवी हो वाटलं तर. मी बाहेर थांबते, दार ओढून घेते.

— ओ, थांबा, थांबा, इकडे नाही! यंत्रघर झालं का बघून? मग सरळ बंगल्याकडे जा, तिथली बाग बघा. हे घर आज बंद आहे. हो, तिकिटावर लिहिलंय, मलाही वाचता येतं. नाही म्हणजे नाही. अहो, आत घरची माणसं आहेत.